सतरा नंबरची पेटी

१

सतरा नंबरच्या पेटीतून वीट निघाली.

साधी, भट्टीतली लाल वीट, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. संग्रहालयाचा प्रमुख हृषीकेश याने कापड सोडलं, तेव्हा दालनात सहा जण उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता इंदूरच्या रामबागेतलं नगर-इतिहास संग्रहालय चार वर्षांनी लोकांसाठी पुन्हा उघडायचं होतं. बेचाळीस पेट्यांपैकी एकेचाळीस उघडून झाल्या होत्या. ही शेवटची मुद्दाम मागे ठेवली होती, कारण हिच्यात संग्रहालयाचा मान होता. शहरात नळाचं पाणी आलं, तेव्हा पहिल्या टाकीचा पाया ज्या चांदीच्या करणीने, म्हणजे गवंड्याच्या थापीने, घातला, ती करणी.

तिची काचपेटी तयार होती. आत निळी मखमल, शेजारी छापील फलक. अरुंधती टेंभेकर त्या फलकापाशीच उभ्या होत्या. त्या इथे नोकरीला नव्हत्या. एकतीस वर्षं पोस्टाच्या पार्सल खात्यात काढून निवृत्त झाल्या होत्या आणि गल्लीच्या टोकालाच राहत असल्यामुळे फलकांवरचं मराठी तपासून द्यायचं काम आपणहून करत होत्या. समोर वीट होती, तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांची नजर सवयीने फलकावर गेली. 'लाकडी मुठीची चांदीची करणी. पुढील बाजूस पायाभरणीचा लेख. मागील बाजूस, मुठीजवळ, घडवणाऱ्या कारागिराचे नाव बारीक अक्षरांत: नंदलाल, सराफा.' एप्रिलच्या मध्यावर त्यांनीच ह्यातला 'मुठीजवळ'चा उकार ऱ्हस्व केला होता.

समितीच्या अध्यक्षा शुभदाताई निरखे यांनी पेटीचं झाकण उलटं करून पाहिलं. आतल्या चिठ्ठीवर चार वर्षांपूर्वीची तारीख होती, तेव्हाच्या प्रमुखांची सही होती आणि खाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत दुसरी सही: रामभाऊ सातपुते.

रामभाऊ दाराशी उभे होते. अठ्ठावीस वर्षं ह्या इमारतीचे पहारेकरी. छप्पर खचलं म्हणून संग्रहालय बंद झालं, तेव्हा सगळ्या वस्तू त्यांनीच बांधल्या, मागच्या कोठीत लावल्या, आणि चार वर्षं त्या कोठीची चाबी त्यांच्याच कमरेला राहिली.

"पेटी तुम्हीच बांधली होती ना, रामभाऊ?" शुभदाताईंनी विचारलं.

"हो बाईसाहेब. मीच बांधली," रामभाऊ म्हणाले. "सही माझीच आहे."

एवढंच बोलून ते खाली बघत राहिले.

शुभदाताई कठोर बाई नव्हत्या. पण उद्घाटन आधी दोनदा पुढे गेलं होतं आणि तिसऱ्यांदा गेलं तर इमारत दुसऱ्या खात्याला देऊन टाकू, असं वरून लेखी आलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. पाच वाजेपर्यंत करणी मिळाली नाही तर पोलिसांत रामभाऊंचं नाव द्यावं लागेल, आणि उद्याचा कार्यक्रम रद्द होईल, असं त्यांनी सांगितलं. कोणीही बाहेर जायचं नाही, हेही सांगितलं.

लोक पांगू लागले तेव्हा अरुंधतीबाई खाली वाकल्या. पेटीभोवतीची सुतळी कापताना गाठीवरची लाख फुटून फरशीवर पडली होती. त्यांनी एक तुकडा उचलून खिडकीशी नेला आणि चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यात लाखेची मोहोर लावलेली काही हजार पार्सलं त्यांच्या हातांखालून गेली होती.

"शुभदाताई," त्या म्हणाल्या, "ही पेटी दोनदा बंद झालेली आहे."

२

लाखेचा तुकडा वरून लालभडक, तकतकीत होता. पण फुटलेल्या कडेला त्याच्या पोटात दुसरा थर दिसत होता, काळपट, धुळकट. कोणीतरी जुनी लाख गरम करून सुतळी अलगद ओढून काढली होती, पुन्हा गाठ मारली होती आणि वरून नवी लाख ओतून पितळी शिक्का उमटवला होता. पोस्टात विम्याच्या पार्सलांवर हा प्रकार त्यांनी दोनदा पकडला होता.

शुभदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या मनात जे आलं ते कोणाच्याही मनात आलं असतं. पेटी नंतर उघडली हे मान्य. पण कोठीची चाबी तर रामभाऊंकडेच होती. मग ह्याने रामभाऊ सुटतात कसे?

अरुंधतीबाईंनी लाखेचा तुकडा रुमालात बांधला. त्यांनी फक्त पाच वाजेपर्यंत सगळ्यांशी बोलायची परवानगी मागितली.

आधी त्या कोठीत गेल्या. रामभाऊ मागोमाग आले. रिकाम्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. कसर लागू नये म्हणून रामभाऊंनी प्रत्येकीत अंगणातल्या कडुनिंबाचा पाला घातला होता. अरुंधतीबाईंनी एकेका पेटीत हात घातला. चार वर्षांत पाल्याचा तपकिरी भुगा झाला होता, चिमटीत धरला तर पीठ व्हायचं. मग त्या पुन्हा दालनात आल्या आणि सतरा नंबरच्या पेटीत हात घातला.

इथला पाला वाळलेला होता, पण हिरवट होता. पानं अख्खी होती. आणि पानांमध्ये बारीक, पिवळट, मोहरीएवढं काहीतरी होतं. त्यांनी ते तळहातावर घेतलं. वास घ्यायची गरज नव्हती. गुढीपाडव्याला ह्याच झाडाचा फुलोरा त्या दरवर्षी घरी नेत, गूळ घालून वाटायला.

"रामभाऊ, तुम्ही पेट्या कधी बांधल्या होत्या?"

"दिवाळी झाल्यावर, ताई. थंडी पडली होती."

"तेव्हा निंबाला फुलं असतात?"

रामभाऊंनी त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. मग हळूहळू मान वर केली. "फुलं तर चैत्रात येतात."

"मग ह्या चैत्रात तुम्ही कुठे होतात?"

रामभाऊ खाली पायरीवर बसले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलंच नव्हतं. पाडव्याच्या आधी आठ दिवस त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मुलगी खंडव्याला घेऊन गेली होती. परत आले ते सव्वा महिन्याने. जाताना चाबी ऑफिसात जमा केली होती.

"कोणाकडे?"

"खुंटीला लावून आलो होतो. साहेबांच्या खोलीत."

३

त्या सव्वा महिन्यात इमारतीत तीनच माणसं कामाला होती. छपराचे कामगार फेब्रुवारीतच गेले होते. राहिले संग्रहालयाचा प्रमुख हृषीकेश, वस्तूंची साफसफाई आणि डागडुजी करणारी ऋजुता, आणि दालनं सजवणारा निशांत. लाखेचा शिक्काही हृषीकेशच्याच खोलीत, टेबलाच्या खणात असायचा.

हृषीकेश दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेला, अबोल, हिशेबी माणूस. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. चाबी खुंटीला होती हे त्याने लगेच कबूल केलं, खणाला कुलूप नसायचं हेही कबूल केलं. त्या दिवसांत तो चारदा भोपाळला गेला होता, बैठकांना. खोली उघडी असायची. "मी निष्काळजी होतो, ताई," तो म्हणाला, "पण मी नेलं नाही." अरुंधतीबाईंना तो खरा वाटला, पण खरं वाटणं हा पुरावा नव्हे हे त्यांना ठाऊक होतं. आणि मनात एक गोष्ट टोचत होती. सगळ्या फलकांखाली, न उघडलेल्या पेटीतल्या करणीच्याही, लेखनाला नाव हृषीकेशचं होतं.

ऋजुता जिन्याखालच्या आपल्या टेबलापाशी होती. तिने सुरुवातीला तोडूनच उत्तरं दिली. रामभाऊंवर आळ आल्याचा तिला राग आला होता आणि चौकशी करणाऱ्यांचाही आला होता. मग अरुंधतीबाईंनी निंबाच्या पाल्याचा विषय काढला तेव्हा ती थांबली. चैत्रातच एके दुपारी कोठीच्या उंबऱ्यावर तिला वाळका पाला सांडलेला दिसला होता. उंदीर आले असतील म्हणून तिने निशांतला विचारलंही होतं आणि तो म्हणाला होता, वाऱ्याने आला असेल. "कोठीला खिडकीच नाहीये," ती आता म्हणाली. "माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही."

निशांत चौरे वरच्या दालनात दिवे लावत होता. विजय नगरात त्याचं छोटं ऑफिस होतं. उमदा, हसतमुख मुलगा, इंदूरचाच. अरुंधतीबाईंना त्याने स्टूल पुसून दिलं. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. उंदरांचं त्याला काही आठवत नव्हतं. चाबी सगळेच घ्यायचे, मतलब कोणी लिहून थोडीच ठेवतं.

"तुम्ही ती करणी कधी पाहिली होती?" त्यांनी विचारलं.

"कहाँ ताई. मी आलो तेव्हा सगळं पॅक झालेलं होतं. फक्त फोटोच पाहिलाय. मखमलीचा स्टँडपण मी फोटोवरूनच बनवला."

अरुंधतीबाईंनी मान हलवली आणि जिना उतरू लागल्या. निम्म्या जिन्यात त्यांचे पाय थांबले. त्या तशाच कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

४

हृषीकेशने जुनी नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली. करणीची नोंद दीड ओळीची होती: 'चांदीची करणी, एक. मूठ लाकडी. पुढे लेख.' सोबत चिकटवलेला फोटो एकच, समोरून काढलेला. दुसरा फोटो नव्हता. मागच्या बाजूबद्दल ह्या वहीत, जुन्या छापील यादीत, कुठेच एक शब्द नव्हता. आधीचे प्रमुख आता हयात नव्हते.

"मग फलकावर सोनाराचं नाव कुठून आलं?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

हृषीकेशला प्रश्नच कळला नाही. ते नाव त्याला माहीतच नव्हतं. त्याने कॉम्प्युटर उघडून आपण लिहिलेला मूळ मजकूर दाखवला. तो 'पायाभरणीचा लेख' ह्या शब्दांवर संपत होता. कारागिराचं वाक्य त्यात नव्हतं.

मग त्याला आठवलं. मांडणी करताना त्या फलकाच्या तळाशी दोन ओळींची जागा मोकळी राहत होती, वाईट दिसत होती. त्या दिवशी तो भोपाळच्या गाडीत होता. फोन आला तेव्हा तो म्हणाला होता, काहीतरी भरून टाक. परत आल्यावर शे-सव्वाशे फलकांच्या गर्दीत त्याने तो पुन्हा वाचलाच नव्हता. तिथून मजकूर थेट तपासायला अरुंधतीबाईंकडे गेला होता.

"फोन कोणाचा होता?"

हृषीकेशने नाव सांगितलं. 

ज्याने करणी फक्त फोटोत पाहिली, त्याला तिच्या पाठीवरचं नाव ठाऊक होतं. पेटी सर्वांसमोर उघडण्याच्या महिनाभर आधी.

साडेतीन वाजले होते. हृषीकेश लगेच वर जायला निघाला, पण अरुंधतीबाईंनी त्याला बसवलं. नाव कुणा म्हाताऱ्याकडून ऐकलं असं निशांत म्हणाला तर पुढे काय? करणी हातात हवी होती. आणि ती कुठे आहे ह्याचा विचार करायला दीड तास होता.

इमारतीबाहेर ती गेली नसावी असं त्यांना वाटत होतं. फेब्रुवारीत तांब्याचे पाइप चोरीला गेल्यापासून बाहेरच्या फाटकावर वेगळा पहारा बसला होता. धातूची पट्टीसुद्धा पावतीशिवाय बाहेर जात नसे. स्वतः शुभदाताईंचा डबाही उघडून पाहिला जायचा. म्हणजे निशांत थांबला असणार. उद्घाटनाची गर्दी होईल, सजावटीचं सामान टेम्पोतून परत जाईल, त्या दिवसापर्यंत. तोवर वस्तू कुठेतरी ठेवायला हवी. अशा जागी, जिथे ती दिसली तरी कोणाला नवल वाटणार नाही.

करणी दिसली तर नवल वाटणार नाही अशी जागा कुठली?

त्या उठल्या आणि पाण्याच्या दालनाकडे निघाल्या.

५

पावणेपाचला सगळे पुन्हा जमले, ह्या वेळी पाण्याच्या दालनात. तिथे निशांतने टाकीच्या बांधकामाचा देखावा केला होता. अर्धी भिंत, घमेलं, डोक्यावर माठ घेतलेली बाई, आणि उकिडवा बसून विटेवर चुना पसरणारा फायबरचा गवंडी. त्याच्या हातात चुन्याने माखलेली करणी. सगळ्यांनी महिनाभर तो देखावा येता-जाता पाहिला होता आणि वाखाणला होता.

अरुंधतीबाईंनी लाखेचं सांगितलं, फुलोऱ्याचं सांगितलं, खंडव्याचं सांगितलं. आवाज चढवला नाही. पोस्टाच्या खिडकीतून गिऱ्हाईकाला नियम समजावून सांगावा तसं एकामागून एक सांगत गेल्या. फलकाच्या शेवटच्या वाक्यापाशी आल्या तेव्हा निशांतने हातातली दिव्याची वायर खाली ठेवली.

"बाईच्या डोक्यावरचा माठ फायबरचा आहे," त्या म्हणाल्या. "घमेलंही फायबरचं. त्यांना कुठेच आधार दिलेला नाही, कारण त्यांना वजनच नाही. ह्या गवंड्याच्या मनगटाला मात्र तार बांधावी लागली आहे. त्याच्या हातातलं तेवढं जड आहे."

त्यांनी पुढे होऊन करणीवर नखाने टिचकी मारली. दालनात छोटासा, स्वच्छ नाद झाला.

 ऋजुताने ओल्या कापसाचा बोळा आणला आणि मुठीजवळचा चुना हलक्या हाताने पुसायला लागली. आधी राखाडी, मग पांढरं, मग चांदीचं. दोन मिनिटांनी ती मागे सरकली. मुठीखाली, बारीक अक्षरांत, कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी फार निगुतीने कोरलं होतं: नंदलाल, सराफा.

निशांतने नाकारलं नाही. तो खालीच बसला. चोरी करायची म्हणून पेटी उघडली नव्हती, हे त्याने दोन-तीनदा सांगितलं. गवंड्याच्या हातात हुबेहूब नक्कल द्यायची होती, तिचा साचा घ्यायला करणी हवी होती, आणि मागितली तर समितीच्या बैठका महिनाभर चालल्या असत्या. दोन दिवसांत परत ठेवू म्हणून करणीच्या वजनाएवढी वीट आत टाकली. कापड काढताना जुना पाला सगळा भुगा होऊन सांडला, म्हणून अंगणातला ताजा घातला. फलकावरचं वाक्य त्याच दिवसांत लिहिलं. इतकं सुंदर नाव होतं, लिहिल्याशिवाय राहवलंच नाही. मग त्याने एका ओळखीच्याला फोटो पाठवला, त्याने दिल्लीतल्या एका संग्राहकाला दाखवला, आणि तिकडून फोन यायला लागले. निशांतला स्वतःची मोठी गॅलरी, मोठी कामं दिसायला लागली. परत ठेवायचा दिवस उद्यावर जात राहिला.

"रामभाऊंचं नाव आलं तेव्हा तरी बोलायचं होतंस," हृषीकेश म्हणाला.

 निशांतने रामभाऊंकडे बघायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही.

शुभदाताईंनी तक्रार लिहून पोलिसांना बोलावलं. जे करायचं ते कायद्याने करायचं, असं त्या म्हणाल्या. त्याचं लेखी म्हणणं घेऊन पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा सहा वाजत होते. मग त्या रामभाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले.

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं, रामभाऊ. मी फक्त सही वाचली."

"बाईसाहेब, तुमच्यावर उद्याचं ओझं होतं," रामभाऊ म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी यायला लागलं आणि ते रुमाल शोधायला लागले. हृषीकेशने आपला दिला.

६

सकाळी दहालाच रांग रामबागेच्या कोपऱ्यापर्यंत गेली. किती लोक येतील याचा जो अंदाज केला होता, तो तिथेच खोटा ठरला. सुट्टी असूनही सिमरोल गावाहून एक अख्खी शाळा बसने आली. बंद पडलेल्या गिरण्यांतले म्हातारे आले, नातवंडांचा हात धरून. सराफा बाजारातले आठ-दहा जण आले, कारण हृषीकेशने आदल्या संध्याकाळी फोन करून नंदलाल नावाच्या कारागिराचा पत्ता लागतो का म्हणून चौकशी केली होती. त्यांच्यापैकी एकाने सोबत आपल्या पणजोबांची हत्यारं आणली होती, पिशवीत गुंडाळून. नाव जुळतं का ते अजून ठरायचं होतं, पण माणूस असा ताठ चालत होता की जणू ठरलंच आहे.

पाहुणे होते, हार होते, फीत होती. अकराला पाच मिनिटं असताना शुभदाताईंनी कात्री तबकातून उचलून रामभाऊंपुढे धरली. रामभाऊंनी नवीन टोपी घातली होती. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"फीत पाहुण्यांनी कापावी. मी दार उघडतो. ते माझं काम आहे."

त्यांनी तेच केलं. दोन्ही हातांनी ती जड सागवानी दारं ओढली, पूर्ण मागे नेऊन भिंतीला टेकवली, आणि बाजूला उभं राहून ते म्हणाले, "या. आरामात या. सगळं आपलंच आहे."

टाळ्या वाजल्या त्या पाहुण्यांसाठी नव्हत्या, हे पाहुण्यांनाही कळलं, आणि तेही टाळ्या वाजवायला लागले.

हृषीकेश अरुंधतीबाईंना शोधत होता. पत्रकारांना त्यांच्याशी बोलायचं होतं. त्या दालनात नव्हत्या, जिन्यात नव्हत्या, ऑफिसातही नव्हत्या. शेवटी त्याने खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं. त्या रांगेत होत्या. सिमरोलच्या शाळेच्या मागे, उन्हात पदर डोक्यावर घेऊन. तो धावत खाली गेला आणि म्हणाला, ताई, तुम्ही मागच्या दाराने चला, तुम्हाला कशाला रांग.

त्यांनी ऐकलं नाही. वर्षभर त्या ह्या इमारतीत येत-जात होत्या, पण फलकातल्या ऱ्हस्व-दीर्घांपलीकडे त्यांनी काही धड पाहिलंच नव्हतं. आज त्यांना बघायचं होतं. पुढच्या मुली त्यांना विचारत होत्या, आत काय आहे आजी, आणि त्या सांगत होत्या, मलाही ठाऊक नाही गं, चला बघूया.

पाऊण तासाने त्या दारापाशी पोचल्या. रामभाऊ तिकिटं घेत होते. त्यांनी अरुंधतीबाईंचं तिकीट घेतलं, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, कोपरा फाडला आणि उरलेलं त्यांच्या हातात ठेवलं.

"या, ताई," ते म्हणाले. "डावीकडून सुरू करा."

अरुंधतीबाई डावीकडे वळल्या.